तळ साफ करायचे चार दिवस

"नारळ दर्यात पडल्याबिगर होडी पाण्यात घालूची नाय. तो आयकलो नाय, तर तू उंबऱ्यात आडवी बस. तुका ओलांडून तो जावचो नाय."

सासूबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मला वेंगुर्ल्याच्या घरात येऊन सहा महिनेही झाले नव्हते. ओटीवर बसून त्या फाटकं जाळं सांधत होत्या. आदल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेला चार दिवस असताना, माझे थोरले दीर कुणाच्या तरी हट्टापायी होडी घेऊन गेले होते. होडी मिळाली. दीर मिळाले नाहीत. सासूबाई हे सगळं बोलल्या नाहीत, त्या जाळंच सांधत राहिल्या. मी मान हलवली, आणि माझ्या रोजच्या नेमांत हा एक नेम वर्षातून एकदाचा म्हणून धरून ठेवला.

रोजचे नेम साधे. सकाळी अंघोळ, तुळशीला पाणी, समई, पोथीचा एक अध्याय. तेवढं झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, आणि समई तेवते आहे तोवर जिभेवर वावगा शब्द आणायचा नाही. तुळस इथं अमेरिकेत जगत नाही, म्हणून खिडकीत कुंडीत ठेवलेली. वॉशिंग्टन राज्यात, आल्डर नदीच्या मुखाजवळ आमचं भाड्याचं घर, तिथल्या धुक्यात ती दर हिवाळ्यात वाळायची आणि दर उन्हाळ्यात एखादी फांदी धरायची.

आम्ही एक्क्याण्णव साली आलो. माझ्या प्रतिमावन्सं आधीपासून इकडे एडिसनला होत्या, त्यांनी आमच्या व्हिसासाठी अर्ज केला होता. त्यांच्या यजमानांच्या ओळखीच्या पटेलांचं इथं मोटेल होतं. हे खोल्या झाडायचे, मी चादरी धुवायची. ह्यांचं नाव गुरुदत्त, पण इथं सगळे गुरू म्हणायचे, आणि त्यात आदर काही नव्हता, सोपं पडायचं म्हणून. मला स्वर्ना म्हणायचे. मोटेलच्या मागच्या अंगाला आयनो नावाचा म्हातारा आपल्या शेडमध्ये जाळी सांधायचा. बाप फिनलंडहून आलेला, हा इथंच जन्मलेला, सत्तरीचा. तीन दिवस हे कचऱ्याच्या पिशव्या टाकायच्या निमित्तानं तिथं उभे राहिले. चौथ्या दिवशी त्याची सुई उचलून एक भोक भरलं. आयनोनं ती गाठ दोन्ही बाजूंनी ओढून बघितली, आणि न बोलता एक खुर्ची ह्यांच्याकडे सरकवली. त्यानंतर मोटेलात मी एकटीच राहिले.

इथलं जाळं आमच्यासारखंच, फक्त फार लांब. वर बुचांची दोरी, खाली शिशाची दोरी, मधे नायलॉनचा पडदा. पावसानं नदी गढूळली तर तपकिरी जाळं, निवळली तर हिरवट. भरती भरून पाणी थबकलं की नदीला आडवं सोडत जायचं, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की होडी आणि जाळं दोन्ही पाण्याबरोबर खाली वाहू द्यायचं. सामन मासा समुद्रातून अंडी घालायला नदीत वर चढतो. तोंड भोकात जातं, अंग जात नाही, मागं घ्यावं तर दोरा कल्ल्यात अडकतो. मग जाळं ओढून घेताना एकेक मासा असा सोडवायचा की त्याचा खवलाही निघू नये आणि जाळ्याचा दोराही तुटू नये. त्याला उजव्या हाताची बोटं लागतात. हे काम ह्यांना येत होतंच. त्यांना शिकावी लागली ती नदी.

आमच्या दर्यात वाळू. इथं नदीच्या तळाला शंभर वर्षांपूर्वी तोडलेल्या जंगलांचे बुंधे, ओंडके, मुळं. जाळं तळाला घासत जायला हवं, कारण मोठा मासा तळानं चढतो. पण एका मुळात शिशाची दोरी अडकली की सगळं जाळं फाटून जातं. म्हणून नदीचा एकेक पट्टा कोळ्यांनी वाटून घेतलेला. त्याला ते ड्रिफ्ट म्हणतात. ज्यांनी मिळून तो तळ साफ केला त्यांनीच तिथं जाळं सोडायचं. कागदावर कुठं सरकारी कायदा नाही, पण ते कुणी मोडत नाही. दर साली ऑगस्टच्या शेवटाकडे, भांगाचं पाणी असतं तेव्हा, म्हणजे अष्टमीच्या सुमाराला ओढ कमी असते तेव्हा, चार दिवस सगळे पुरुष तळ साफ करायला उतरतात. पाणबुड्या खाली जातो, बुंध्याला साखळी बांधतो, वर तराफ्यावरचं यंत्र ती ओढतं. नव्या माणसानं तीन साल असं काम द्यायचं. तिसऱ्या सालानंतर त्याचं नाव ड्रिफ्टच्या वहीत चढतं.

शहाण्णवचं साल ह्यांचं तिसरं होतं. आयनोचा खुबा गेला होता. होडी आणि लायसन तो ह्यांच्या नावे करणार होता, पण ड्रिफ्टमध्ये नाव नसेल तर होडी घेऊन करायचं काय. त्यात सरकारनं मासा कमी झाला म्हणून ऑगस्टची मासेमारी बंदच केली होती. सप्टेंबरात बारा-बारा तासांचे दोनच दिवस दिले होते. बावीस होड्या आणि दोन दिवस. ज्याचं नाव वहीत नाही त्यानं काठावर उभं राहून बघायचं.

आधीच्या दोन्ही साली पौर्णिमा होऊन गेल्यावर भांग आला होता, त्यामुळे काही प्रश्न पडला नव्हता. शहाण्णव साली अधिक आषाढ आला. नारळी पौर्णिमा लांबून अठ्ठावीस ऑगस्टला गेली, आणि तळ साफ करायचे दिवस ठरले वीस ते तेवीस.

वन्संनी पाठवलेल्या कॅलेंडरवर मी पुन्हा पुन्हा बोट ठेवून मोजलं. मग ह्यांना सांगितलं.

ते हसले. म्हणाले, "ह्यां होडी घालणां न्हय गो. जाळां नाय, मासे नाय. नुसतां तळ साफ करूचां."

"पाण्यात होडी जातली ना?"

ह्यांनाही भाऊ आठवतो, पण ते बोलत नाहीत. वीस तारखेला पहाटे गमबूट घालून ते दाराशी आले तेव्हा मी उंबऱ्यात बसले होते. भांडले नाही. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही. नुसती आडवी बसले. इथल्या घरांना उंबरा नसतो, दारात पायपुसणं असतं. त्या पायपुसण्यावर बसले होते. ते बराच वेळ उभे राहिले. एकदा त्यांनी पाय उचलला, माझ्या गुडघ्यावरून जाईल इतका, आणि परत खाली ठेवला.

"मगे तूच सांग तेंका," ते म्हणाले. "माझ्यान सांगवणा नाय."

गमबूट काढून ते आत गेले. मी अंघोळ करून समई लावली, पोथी उघडली. दुसऱ्या ओवीवर फोन वाजला. पोथी चालू असताना मी उठत नाही. त्या दिवशी उठले, कारण वाजणं थांबेना.

आयनो होता. गुरू कुठं आहे, तराफा सुटायचा आहे, असं त्यानं विचारलं. मला खरं सांगायचं होतं. पण नारळ, पौर्णिमा, दीर, सासूबाई, एवढं सगळं इंग्रजीत कुठून आणायचं ते मला कळेना. आणि त्याहून खरं सांगायचं तर, ते ऐकून तो शेडमध्ये चार लोकांना सांगेल आणि ते हसतील, ह्याची मला लाज वाटली. माझ्या देवाची नाही, हसण्याची. मी म्हटलं, "ही हॅज फीवर."

तो म्हणाला, झोपव त्याला, भरपूर पाणी दे, काळजी करू नकोस. त्यांच्यात आजारी माणसाला माफ असतं. त्याचा दिवस भरला असं धरतात.

मी परत येऊन बसले. समई चालूच होती.

त्या चार दिवसांत हे घराबाहेर पडले नाहीत. ताप आहे म्हटल्यावर दिसून चालणार नव्हतं. गॅरेजचं दार लावून ते आत जाळ्याला शिसं ओवत बसायचे. उकाडा, डांबराचा वास. बाहेरून गाडी गेली की हातातलं शिसं खाली ठेवायचे, आवाज होऊ नये म्हणून. भर दुपारी आपल्याच घरात चोरासारखा बसलेला नवरा मी दारातून बघितला की परत फिरायची. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी एल्मा आली. ती टॉयवोची बायको. टॉयवो ड्रिफ्टमधलाच, साठीचा, ह्यांना नदीची वळणं शिकवणारा. त्यांचा धक्का आमच्या घरापासून वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर. एल्माच्या हातात झाकण लावलेलं जड भांडं होतं. ती थेट आत येत होती, मला अडवता आलं नाही. हे गॅरेजमधून पळत आले, बुटांसकट पांघरुणात शिरले आणि गळ्यापर्यंत ओढून घेतलं. एल्मानं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. गॅरेजच्या उकाड्यानं आणि पळण्यानं कपाळ तापलेलं, घामानं ओलं होतं.

ती मला म्हणाली, चांगलाच ताप आहे की. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी भिंतीकडे बघत होते.

जाताना तिनं सांगितलं की गुरूचं काम टॉयवो बघतो आहे, घोर नको. ह्यांचं काम दोरीचं होतं. पाणबुड्याच्या कमरेची दोरी हातात धरायची, त्यानं खालून दोन झटके दिले की यंत्रावरच्या माणसाला हाक द्यायची. टॉयवोचं काम साखळीचं, ती लोखंडी रुळावर सरळ चढते आहे की नाही हे बघायचं. आता टॉयवो दोन्ही करत होता.

भांड्यात दुधातलं सूप होतं. बटाटे, कांदा आणि सामनचे मोठे गुलाबी तुकडे. श्रावण चालू होता. ह्यांनी झाकण उघडून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि झाकण ठेवलं. मी ते मागच्या झुडपाखाली ओतलं. इतक्या प्रेमानं केलेलं अन्न मातीत ओतताना आवाज होतो, तो मला अजून ऐकू येतो. भांडं घासून, पुसून मी संध्याकाळी परत दिलं. तिनं विचारलं, खाल्लं का त्यानं. मी मान हलवली. आमच्याकडची मान कशीही हलते. तिला जे हवं ते तिनं घेतलं.

चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, नदीवरून यंत्राचा आवाज येत होता तो मधेच तुटला. मग कुणीतरी लांबून ओरडलं. नंतर ॲम्ब्युलन्स आमच्या दारावरून गेली. हे गॅरेजमधून बाहेर आले आणि तसेच, अनवाणी, धक्क्याकडे पळाले. ताप कुठं गेला हे कुणी विचारलं नाही. त्या वेळी कुणाला सुचलंही नसेल.

झालं ते असं. खालून दोरीला झटके बसले म्हणून टॉयवोनं मान वळवून यंत्राला हाक दिली. त्याचा उजवा हात साखळीवरच होता. यंत्र ओढू लागलं, साखळी रुळावर चढली, तिच्यात हातमोजा गेला. दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं वाकडं राहिलं.

संध्याकाळी आयनो काठी टेकत आमच्याकडे आला. खुर्चीत बसला आणि बराच वेळ टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. टॉयवोची चूक, असं सगळे म्हणत होते. चाळीस साल पाण्यावर काढलेल्या माणसानं साखळीवर हात ठेवून मान वळवावी, हे त्यालाही पटत नव्हतं. वय झालं, म्हणाला. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, तू नव्हतास तेच बरं. तापातला माणूस तर पाण्यातच गेला असता.

मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून हे पहाटे टॉयवोच्या धक्क्यावर जाऊ लागले. त्याची होडी धुतली, जाळं उन्हात पसरून नीट घडीला लावलं, फाटलं होतं तिथं सांधलं. टॉयवो हाताला मोठं पांढरं गाठोडं बांधून पायरीवर बसायचा आणि बघायचा. एल्मा ह्यांना कॉफी द्यायची, आणि तापातून उठलास, जपून कर, म्हणायची. हे मला रात्री जेवताना सांगत, मान खाली घालून. एकदा म्हणाले की टॉयवो होडी विकायची म्हणतो. मला दोन कामं झेपेनाशी झाली म्हणजे मी संपलो, असं म्हणतो.

"ती दोन माणसांची कामां होती," मी म्हटलं.

"होती तर," हे म्हणाले.

अठ्ठावीसला पौर्णिमा आली. पोर्टलंडच्या इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ मी आठ दिवस देव्हाऱ्यात ठेवला होता. त्याला कुंकू लावलं, जरीचा दोरा गुंडाळला. संध्याकाळी सुकती लागल्यावर आम्ही दोघं घराजवळच्या धक्क्याच्या टोकाला गेलो. पाणी मुखाकडे चाललं होतं. ह्यांनी नारळ सोडला, तो दोन वेळा बुडाला, वर आला आणि निघून गेला. हात जोडताना दरवर्षी मला हलकं वाटतं. त्या संध्याकाळी काय मागावं हेच कळेना. घरी आलो. मी नारळीभात केला. हे अर्धा टाकून उठले. पानात अन्न टाकायची सवय ह्यांना कधीच नव्हती.

ही नदी मुखाशी लगेच दर्याला मिळत नाही, आधी उथळ खाडीत पसरते. सुकतीला गेलेलं बरंच काही भरतीला परत येतं. आयनोनं हे ह्यांना पहिल्याच साली शिकवलं होतं, वाहून गेलेलं बूच कुठं शोधायचं ते सांगताना. नारळाचा विचार आम्ही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा अध्याय संपत आला होता तेव्हा एल्मा आली. हे होडीचं तेल आणायला गावात गेले होते. तिच्या एका हातात कॉफीचा मग होता, दुसऱ्या हातात नारळ. जरीचा दोरा तसाच, कुंकू अर्धं धुतलेलं. ओहोटीत तिच्या धक्क्याखाली चिखलात रुतला होता, म्हणाली. तुमच्याकडचाच असणार, इथं दुसऱ्या कुणाकडे असलं फळ येईल. पूजेचं काही असेल, महत्त्वाचं असेल, म्हणून धुतला नाही, तसाच आणला.

कॉफीचा मग बाजूला ठेवून तिनं नारळ दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, हळू, अंडं ठेवावं तसा. मग विचारलं की हा कशासाठी असतो.

फोनवर जे मला इंग्रजीत सांगता आलं नव्हतं ते त्या सकाळी आलं. मोडकंतोडकं, पण आलं. देवाबद्दल कुणी इतक्या सरळपणानं विचारल्यावर मला वाकडं सांगता आलं नाही. मी सांगितलं की आमच्याकडे पावसात दर्या खवळतो. मग एक पौर्णिमा येते. तिला हा पाण्याला द्यायचा. त्याच्या आधी होडी नाही, जाळं नाही. माझ्या नवऱ्याचा भाऊ आधी गेला, आला नाही.

"तुम्ही हा कधी दिला?" तिनं विचारलं.

"काल."

एल्मानं कॉफीचा मग उचलला, पण प्यायली नाही. खिडकीतून तिला तिचा धक्का दिसत होता. ती तिकडे बघत राहिली. तिच्या ओठांची किंचित हालचाल झाली, दिवस मोजताना होते तशी.

"आणि ताप?"

"ताप नव्हता," मी म्हटलं.

"माझा हात लागला होता कपाळाला."

"ते गॅरेजमध्ये होते. जाळं करत होते. पळत आले."

"सूप?"

"ओतलं."

समईची वात तडतडली. एल्मानं कॉफीचा मग खाली ठेवला. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं असं मी लिहीत नाही, कारण ती तशी बाई नव्हती आणि मलाही तसं काही सोपं मिळायला नको होतं. ती उभी राहिली, परत बसली. मग हळू आवाजात बोलू लागली, जवळजवळ माझ्याच आवाजात.

ती म्हणाली, "आयनो रविवारी काम ठेवत नाही, कारण आम्ही चर्चला जातो. एका साली माझी आई गेली, तर त्यानं आठ दिवस सगळं थांबवलं. तू त्याला नुसतं सांगितलं असतंस, तर त्यानं काम पुढच्या भांगावर नेलं असतं. निदान दोरीला एक माणूस तरी आणला असता. आजारी म्हटल्यावर तुझ्या माणसाचा दिवस भरला असं धरलं, म्हणून बदली आणलाच नाही. कुणी हसलं नसतं, स्वर्ना. तू कुणाला विचारलंच नाहीस."

मी मान खाली घातली. एवढ्या सालांत मी त्या लोकांना अन्न दिलं होतं, हसून बघितलं होतं, त्यांच्या सणांना मेणबत्त्या नेल्या होत्या. आणि ते हसतील एवढंच त्यांच्याबद्दल मला माहीत होतं.

ती पुढं म्हणाली, "टॉयवो झोपत नाही. माझ्या हातानं अशी चूक झालीच कशी, हेच विचारतो. त्याला वाटतं तो म्हातारा झाला. शेडमध्ये सगळ्यांना तेच वाटतं."

"मी त्याला सांगते," मी म्हटलं. "आत्ता येते."

"त्याला एकट्याला नको." ती उठली. "शनिवारी दोन वाजता शेडमध्ये सगळे जमतात. कुणी कुठल्या नंबरानं जाळं सोडायचं त्याच्या चिठ्ठ्या काढतात. तिथं सांग. तुझ्या तोंडानं. गुरू नको, आयनो नको. मी कुणाला काही बोलणार नाही. तू वचन दे."

मी समईकडे बघितलं नाही. एल्माकडे बघून म्हटलं, "देते."

तेल घेऊन हे परत आले तेव्हा नारळ टेबलावरच होता. त्यांनी तो बघितला आणि त्यांना सगळं समजलं. तरी मी सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला.

"नाव जातलां," ते म्हणाले. "शनवारीच वहीत घालतले होते. तीन वर्षां."

मी नारळ उचलून देव्हाऱ्यापाशी ठेवला.

"गप ऱ्हवाक काय झालां होतां तुका?"

"तिच्या तोंडार खोटां बोलूक जमलां नाय."

"फोनार जमलां ना," ते म्हणाले. आणि मग लगेच, जसा आपलाच हात आपल्याला लागावा तसं, खुर्चीत बसले. थोड्या वेळानं म्हणाले, पांघरूण मीच घेतलं होतं. तिनं कपाळाला हात लावला तेव्हा मी उठून बसायला हवं होतं. ते हे जमिनीला सांगत होते. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. आमच्यात तेव्हा तेवढंच होऊ शकत होतं.

शुक्रवारी ते टॉयवोकडे गेले नाहीत. गॅरेजचं दार उघडं टाकून, बाहेरून सगळ्यांना दिसेल असे बसून, आयनोच्या जाळ्याची शेवटची दोरी बांधत राहिले. ते जाळं यंदा कुणी सोडायचं हे ठरायचं होतं, तरी गाठी घट्ट मारत होते.

शनिवारी मी नेम उरकला. उपास होता. सकाळी अकराला फोन आला. आयनो होता, आणि आवाजात हसू होतं. त्यानं एकेकाला आधीच विचारून ठेवलं होतं. कुणी नाही म्हणालं नाही. टॉयवोनं तर गाठोडं बांधलेला हात वर करून हो म्हटलं, असं त्यानं सांगितलं. चिठ्ठ्यांच्या आधी गुरूचं नाव घालू, त्याला म्हणावं वेळेवर ये, सही करायची आहे. एल्मा काही म्हणाली का, मी विचारलं. एल्मा? ती कॉफी करते आहे, तो म्हणाला. ती काय म्हणणार.

म्हणजे ती खरंच कुणाला बोलली नव्हती. मी घरी बसले असते तर कुणालाही कधीही कळलं नसतं. टॉयवो म्हातारा ठरला असता, ह्यांचं नाव चढलं असतं, सप्टेंबरात दोन दिवस जाळं पडलं असतं. मी फोन ठेवला तेव्हा हात त्यावरच राहिला.

हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले होते. फोनवरचं मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग शर्टाची बटणं एकेक करून काढली, शर्ट खुर्चीच्या पाठीवर घातला आणि रोजचा निळा अंगात घातला.

"उधाण आसा," ते म्हणाले. "खालच्या रस्त्यार पाणी इलां आसतलां. गाडी जावची नाय."

"चलत जातंय."

"मी येव?"

"तुमी मागसून येवा. पयलां माका एकटीक बोलू दे."

त्यांनी आपले गमबूट दाराशी आणून माझ्यापुढे ठेवले. मला ते फार मोठे होते, म्हणून आत जाऊन त्यांनी स्वतःचे लोकरी मोजे आणून दिले. मी पायपुसण्यावर बसून मोजे घातले, बूट चढवले, पदर खोचला.

बाहेर ऊन होतं. बांधावरच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी भरून आलं होतं आणि गवताची फक्त टोकं दिसत होती. लांबवर शेडच्या दारात माणसं उभी होती, कुणीतरी टोपी काढून परत घातली. मला इंग्रजीत जे सांगायचं होतं ते फार नव्हतं. त्यांना ताप नव्हता, मी खोटं सांगितलं, टॉयवो दोन माणसांचं काम करत होता. मी ते चालता चालता म्हणत गेले, ओठांतल्या ओठांत, पोथी म्हणते तसं. पहिल्या वळणावर पाणी घोट्याच्या वर आलं. मी निऱ्या हातात धरल्या आणि पुढं पाऊल टाकलं.